लाईट गेली की पाणी येतं

माळटाकळीत सकाळची लाईट गेली की लोक आधी सरपंचाला नावं ठेवतात आणि मग चहाचं आधण ठेवतात. पोखर्णीचा रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं, आणि गावाच्या अगदी खालच्या टोकाला सरपंच सुलाबाईंचं घर. वरून उतरत आलेलं सगळं तिथं येऊन थांबतं, सांडपाणीही आणि बोलणंही. "गेली का? गेलीच. बाईच्या राज्यात दुसरं काय व्हायचं." हे ऐकत सुलाबाई अंगणात उभ्या असायच्या, आणि त्याच वेळी त्यांच्या नळातून आधी हवा फुसफुसायची, मग गढूळ धार यायची, मग स्वच्छ. शेजारच्या बायनाबाई आपल्या नळाखाली हंडा सरकवता सरकवता सगळ्यांत मोठ्यानं बोलायच्या, "पाण्याचं ऱ्हाऊ दे गं सुले, ते काय येतच हाय. लाईटीचं बघ जरा. खुर्चीत बसून करायलीस तरी काय?" सुलाबाईंच्या अगदी जिभेवर यायचं. पण गिळावं लागायचं.

सांगण्यासारखं होतं ते एवढंच, की लाईट जात नव्हती. सुलाबाई ती घालवत होत्या.

त्याचं असं झालं. गावाची पाण्याची टाकी वरच्या अंगाला, मारुतीच्या देवळामागं. टाकीतून निघालेला पाइप उतारानं वरची गल्ली, मधली गल्ली करत शेवटी टोकाच्या गल्लीला येतो. नळ घरोघरी आहेत, आणि पाणी रोज नाही, गल्लीगल्लीच्या पाळीनं सुटतं. पण वरच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येकानं नळाला मोटार जोडलेली. पाळी कुणाचीही असो, पाणी सुटलं की मोटारी घुं करून सुरू व्हायच्या आणि पाइपातलं पाणी वरच्या वर ओढून घ्यायच्या. गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या भरायच्या, म्हशी धुऊन निघायच्या, मोटारसायकली धुतल्या जायच्या, आणि टोकाच्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरींसमोर उकिडव्या बसून नळाच्या तोंडाकडं बघत राहायच्या. नळाला मोटार लावू नये असा ठराव ग्रामपंचायतीनं आजवर कितीदा तरी केला होता. ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी मोटार होती.

सरपंच झाल्यावर सुलाबाईंनी आधी सरळ मार्ग धरला. दवंडी दिली, नोटिसा वाटल्या, आणि शेवटी स्वतः जाऊन उपसरपंच रंगनाथच्या दारातली मोटार उचलून आणली. म्हटलं, मोठ्या माणसापासून सुरुवात केली की बाकीचे आपोआप वठणीवर येतील. संध्याकाळी रंगनाथच्या दारात दुसरी मोटार आली, पहिलीपेक्षा ताकदीची. तिचा आवाज टोकाच्या गल्लीपर्यंत यायचा. पाणी तेवढं यायचं नाही.

मग एक दिवस त्यांनी लाईनमन गोपाळला रस्त्यात गाठलं. गोपाळ त्यांच्या माहेरचा, चुडाव्याचा, म्हणून त्यांना आत्या म्हणायचा. सुलाबाई म्हणाल्या, "गोपाळ, पाणी सुटतं तेवढा वेळ गावाची लाईट बंद ठेवशील का? मोटारीच न्हाई चालल्या तर पाणी जाईल कुठं? येईल मुकाट खाली."

गोपाळ घाबरला. "आत्या, वर कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मंग कुणाला सांगू नको. मी बी सांगणार न्हाई."

तेव्हापासून ही पद्धत पडली. ग्रामपंचायतीचा शिपाई बालाजी टाकीचा वॉल्व्ह फिरवायच्या आधी गोपाळला मिस्ड कॉल द्यायचा, गोपाळ डीपीवरचा फ्यूज ओढायचा, मोटारींचा आवाज बंद पडायचा, आणि पाणी निमूटपणे उतार धरून टोकाच्या गल्लीला यायचं. पाइप टाकल्यापासून पहिल्यांदाच. हे तिघांनाच माहीत. बाकी गावाचा हिशेब साधा होता: पाणी आलं ते देवाच्या कृपेनं आणि लाईट गेली ती सरपंचाच्या नालायकीनं. पाणी येतं त्याच वेळी लाईट कशी जाते, हा प्रश्न आख्ख्या माळटाकळीत एकालाही पडला नाही. इथं माणसाला शेजारच्या भांडणाचं मूळ तीन पिढ्या मागं जाऊन सापडतं, पण हे नाही सापडलं.

सुलाबाई काही राजकारणाच्या घरातल्या नव्हेत. चुडाव्याच्या स्टेशनबाहेर वडिलांचा चहाचा गाडा होता. गाडी थांबली की खिडकीखिडकीला पळत चहा द्यायचा आणि गाडी सुटायच्या आत पैसे वसूल करायचे, या शाळेत त्या शिकल्या. खरी शाळा सातवीलाच सुटली. पण परक्या माणसाशी बोलायला लाजायचं नाही आणि एकदा नाही म्हटलं तर परत विचारायचं, हे अंगात मुरलं ते तिथं. लग्न होऊन माळटाकळीत आल्या तेव्हा सासूनं स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ओढ्याकाठची विहीर दाखवली. पुढं पाइप आला, नळ आला, आणि नळ कोरडा म्हणून पुन्हा तीच विहीर.

नवरा बन्सीधरराव म्हणजे भिडस्त माणूस. चार लोकांत उभं केलं तर हाताचं काय करावं हे कळत नाही म्हणून दस्ती, म्हणजे खिशातला रुमाल, पिळत बसणार. तेव्हा घरात बोलायचं काम सुलाबाईंकडंच. बचत गट निघाला तेव्हा अध्यक्षही त्याच झाल्या, कारण बँकेतल्या साहेबानं उद्या या म्हटल्यावर खरंच उद्या जाणारी बाई गावात ती एकच. नंतर वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. रंगनाथ घरी आला आणि बन्सीधररावांना म्हणाला, "वहिनीला उभं करा. काय न्हाई, सही तेवढी लागती." सुलाबाई आतून ऐकत होत्या. सहीपुरतं तर सहीपुरतं, म्हणून उभ्या राहिल्या आणि सदस्य म्हणून निवडून आल्या.

पहिली मासिक बैठक त्यांच्या घरीच आली. म्हणजे बालाजी कागद घेऊन दारात उभा राहिला.

"काकू, सही करा."

"बैठक कधी हाय?"

"झाली की सकाळी."

"कोण कोण होतं?"

"सगळे होते. बन्सीकाकाला बी बलावलं होतं, पर ते आले न्हाईत."

पुढच्या महिन्यात सुलाबाई स्वतः गेल्या. बाकीच्या बाई सदस्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे ऐसपैस बसलेले, आणि सुलाबाईंना खुर्ची नाही. कुणी उठलंही नाही. त्या मुकाट्यानं घरी परतल्या, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर गावातून चालत पुन्हा बैठकीत आल्या. त्या पंचवार्षिकला प्रत्येक बैठकीला ती खुर्ची त्यांच्या डोक्यावरून गेली आणि आली. लोक हसले. पण पुढच्या वेळी सरपंचपद महिलेला सुटलं आणि थेट गावातून निवडायचं ठरलं, तेव्हा लोकांना तीच खुर्ची आठवली. सुलाबाई सरपंच झाल्या.

सरपंच झाल्या तरी सरपंच कोण हे गावाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. अभिनंदनाच्या बॅनरवर बन्सीधररावांचा फोटो परातीएवढा आणि सुलाबाईंचा पुरीएवढा. पंधरा ऑगस्टला शाळेच्या गुरुजींनी झेंडावंदनासाठी सरपंच बन्सीधरराव यांना पुढं बोलावलं, तर ते शाळेमागच्या संडासात जाऊन बसले आणि झेंडा वर गेल्याचं ऐकल्यावरच बाहेर आले. रस्ता, गटार, अंगणवाडीची भिंत, यातलं काही केलं तर कुणी बोलत नसे. बोलणं कशावरून, तर सरपंचबाई अमक्याच्या लग्नाला आल्या नाहीत. आमच्याकडं लग्नात माइकवर नावं पुकारतात. पुढारी येईपर्यंत अक्षता हातात धरून वऱ्हाड उन्हात तिष्ठतं, पण नाव पुकारलं गेलं पाहिजे. एका तिथीला चार लग्नं आणि दोन दहावे. सुलाबाई या मांडवातून त्या मांडवात जाऊन बेजार व्हायच्या, आणि ज्याचं चुकलं तो वर्षभर तोंड फिरवून जायचा. "काम एक वेळ न्हाई केलं तर चालतंय," त्या बन्सीधररावांना म्हणायच्या, "जेवायला न्हाई गेलं तर चालत न्हाई. हे गाव हाय का पंगत?" बन्सीधरराव दस्ती पिळायचे.

रंगनाथचं मात्र बरोबर लक्ष होतं. मोटार उचलून नेल्याचा राग त्यानं जपून ठेवला होता. निवडीनंतर काही काळ सरपंचावर अविश्वास आणता येत नाही; ती मुदत संपली, तसे त्यानं सदस्य जमवले आणि तहसीलला अविश्वास दाखल केला. कारणं अशी: सरपंच मनमानी करतात, लोकांच्या सुखदुःखात येत नाहीत, आणि त्यांच्या काळात गावात लाईट राहत नाही. सदस्यांनी ठराव पास केला. पण थेट गावानं निवडलेला सरपंच सदस्यांच्या हात वर करण्यानं जात नाही. गावाची खास सभा बसते, आणि चिठ्ठ्या टाकून गावच ठरवतं, ठेवायचा की घालवायचा. सभेची तारीख पडली ती नेमकी मे महिन्यातली.

गोपाळ येऊन म्हणाला, "आत्या, सभा होईस्तोवर लाईट चालू ठेवू का? लोक लय बोलायलेत."

"आन् पाणी?"

खुर्ची गेली तर जाऊ द्या असं वरवर म्हणायला ठीक आहे, पण सुलाबाईंना ती हवी होती, आणि का हवी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या गेल्या की कारभार रंगनाथकडं, आणि रंगनाथ आला की पहिली मोटार त्याची सुरू. टोकाच्या गल्लीतल्या बायांना भर उन्हाळ्यात पुन्हा ओढ्याकाठी जावं लागणार. विहिरीत तर आता घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

म्हणून त्यांनी मनाशी मांडून बघितलं. वरची गल्ली विरोधात, मधली अर्धीअर्धी. म्हणजे टोकाची गल्ली झाडून आली की झालं. गल्लीत सुकेशनी नावाची बी.ए. झालेली, हुशार पोरगी होती. तिला घेऊन त्या घरोघर गेल्या. सगळ्यांनी शब्द दिला. बायनाबाई तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सुले, लाईटीचं तुला जमलं न्हाई ते न्हाई, पर तू आमची हायेस. तुला न्हाई तर कुणाला द्यावं आमी?" सुलाबाईंनी दात ओठ खाऊन तो आशीर्वाद घेतला.

आणि जाता जाता त्यांनी बालाजीला एक गोष्ट बजावली. सभेच्या दिवशी टोकाच्या गल्लीची पाण्याची पाळी होती. नळ कोरडा राहिला तर बाया चिडून मत दुसरीकडं टाकतील, ही त्यांची भीती. त्या म्हणाल्या, "बालाजी, त्या दिवशी काय बी होऊ दे, टोकाच्या गल्लीचं पाणी चुकवू नको. भरपूर सोड." बालाजी गुणी पोरगा. सांगितलं तेवढं करतो, आणि सांगितलं नाही ते बिलकुल करत नाही.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. तहसीलचे साहेब आले, टेबल मांडलं, वर पंखा फिरत होता. साहेबांनी सांगितलं की बारा वाजता फाटक बंद होईल आणि मग कुणालाही आत घेतलं जाणार नाही. सुलाबाईंना दोन शब्द बोलायला दिले. त्या रस्त्याचं बोलल्या, अंगणवाडीचं बोलल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "लाईटीचं बोला, सरपंचबाई." सगळे हसले. साहेबांनीही मान वर करून बघितलं, सरकारी माणूस, हातात पेन. सुलाबाईंच्या डोळ्यांसमोर गोपाळ आला, त्याची दोन लेकरं आली. त्या म्हणाल्या, "लाईट माझ्या हातात न्हाई." आयुष्यात त्या एवढं स्वच्छ खोटं कधी बोलल्या नव्हत्या. लोक आणखी हसले, आणि त्यांना वाटलं, हेच लोक. यांच्यासाठी.

मतदान सुरू झालं. वरची गल्ली सकाळीच अंघोळी करून, कपाळाला गंध लावून आलेली. मधली गल्ली पाठोपाठ. टोकाच्या गल्लीतलं कुणी दिसेना. येतील, कामं आवरून येतील, असं म्हणत सुलाबाई फाटकाकडं बघत राहिल्या. आणि एकदम पंखा थांबला.

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे सुलाबाईंकडं वळले. साहेबांनी फाइलनं वारा घ्यायला सुरुवात केली. रंगनाथनं पंख्याकडं बोट केलं आणि हात जोडले. रांगेत उभी मधली गल्ली घामानं भिजत होती, आणि मधल्या गल्लीची अर्धी मतं कुठं चाललीत हे सुलाबाईंना तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाईट गेली म्हणजे पाणी सुटलं. त्या आठवड्यात शेतीपंपांची थ्री फेज लाईट रात्रीऐवजी दिवसा येत होती, म्हणून पाणीयोजनेच्या विहिरीवरचा पंप सकाळी उशिरा सुरू झाला, टाकी उशिरा भरली, आणि बालाजीनं ती भरल्या भरल्या, सांगितल्याप्रमाणं, भरपूर सोडली. टोकाच्या गल्लीला. आत्ता.

त्यांनी सुकेशनीला फोन लावला. मागून धो धो आवाज येत होता.

"काकू, येतेयच. पाणी आलंय, लय जोरात आलंय आज. एवढं टिपाड भरलं की निघालेच."

"अगं मत आधी दे. पाणी कुठं पळून जायलंय का?"

"पळूनच जायलंय की काकू. बंद झालं की पुढच्या पाळीपर्यंत काय प्यावं? सगळ्याच भरायल्यात. भरून झालं की मिळून येतो."

सुलाबाईंनी कपाळाला हात लावला. बन्सीधररावांना पाठवलं, म्हणाल्या, "जा, एकेकीला हाताला धरून आणा." बन्सीधरराव गेले ते गेलेच. बराच वेळ वाट बघून सुलाबाईंनी नवऱ्याला फोन लावला, तर तिकडूनही तोच धो धो आवाज. "अगं आपलं बी टिपाड रिकामंच होतं," बन्सीधरराव अपराधी आवाजात म्हणाले. "म्हणलं आलोच हाय तर भरून घ्यावं." सुलाबाईंनी फोन बंद केला. बोलण्यासारखे शब्द शाळेच्या आवारात वापरता येत नाहीत.

तेवढ्यात बालाजी स्वतःचं मत द्यायला आला. तोंडभर हसत म्हणाला, "काकू, आज असं पाणी सोडलंय ना, की गल्लीनं नाव काढावं तुमचं."

सुलाबाईंनी त्याला बाजूला ओढलं. "जा. आत्ताच्या आत्ता वॉल्व्ह बंद कर."

"बंद?"

"बंद कर म्हणलं की. धार थांबली की येतील सगळ्या. अजून टाइम हाय."

बालाजीनं गाडीला किक मारली. फाटकापर्यंत गेलाही. आणि सुलाबाईंच्या मनात गल्ली उभी राहिली, पाइप जसा जातो तशी. पाणी आधी वळणावरच्या घरांना लागतं, मग सुकेशनीकडं, मग त्यांच्याकडं, आणि सगळ्यांत शेवटी बायनाबाईंकडं. बायनाबाईंच्या घागरी आत्ता कुठं लागल्या असतील. धार थांबली तर सगळ्या येतील हे खरं. भरलेल्या येतील आणि न भरलेल्याही येतील, त्यांना मत देतील, आणि घरी जाऊन रिकाम्या भांड्यांसमोर बसतील. सुलाबाईंना सरपंच ठेवलं म्हणून.

"बालाजी," त्यांनी हाक मारली. तो वळला.

"ऱ्हाऊ दे."

"काकू, बंद करून येतो की दोन मिनिटात."

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना. ऐकू येत न्हाई का तुला? जा, मत दे तुझं." त्या त्याच्यावर अशा खेकसल्या की बिचारा गाडी तिथंच टेकवून रांगेत पळाला. राग त्याच्यावर नव्हता. स्वतःचाच राग आला होता, एवढा की डोळ्यांत पाणी यायची वेळ आली, आणि समोर रंगनाथ उभा होता म्हणून त्यांनी ते येऊ दिलं नाही.

बारा वाजता फाटक बंद झालं. टोकाच्या गल्लीतल्या बाया त्यानंतर आल्या, घोळक्यानं, लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हसत, बोलत. तहसीलच्या शिपायानं अडवल्यावर त्यांनी त्याच्याशी जोरदार भांडण केलं. बायनाबाईंनी तर साहेबांचा उद्धार केला, तोही फाटकाच्या सळ्यांतून. चिठ्ठ्या मोजल्या आणि सुलाबाई थोडक्या मतांनी गेल्या. त्या थोडक्या मतांपेक्षा कितीतरी जास्त मतं त्या वेळी फाटकाबाहेर उभी होती.

कारभार रंगनाथकडं आला. दुसऱ्याच दिवसापासून सकाळची लाईट जायची बंद झाली. तशी ती जायची काही गरजच उरली नव्हती. गोपाळनं एकदा वाटेत थांबून सुलाबाईंना विचारलं होतं, "आत्या, चालू ठेवू का आपलं?" त्या म्हणाल्या, "आता तुला वाचवायला मी खुर्चीत न्हाई. गप बस." गावात रंगनाथचं कौतुक सुरू झालं. बघा, माणूस बसला की फरक पडतोच. टोकाच्या गल्लीनंही कौतुक केलं. बायनाबाई म्हणाल्या, "काय का असंना, लाईटीचं तेवढं केलं बाबानं."

मग पाण्याची पाळी आली. वरच्या गल्लीत मोटारी घुमल्या. टोकाच्या गल्लीत नळ फुसफुसले आणि गप्प झाले. पुढच्या पाळीला फुसफुसलेही नाहीत.

तिसऱ्या पाळीला सगळ्या रिकामे हंडे घेऊन आल्या, आणि कुठं आल्या, तर सुलाबाईंच्या अंगणात. सुलाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"सुले, पाणी न्हाई आलं," बायनाबाई म्हणाल्या.

"मंग मला काय सांगायलाव? मी सरपंच हाय का आता?"

"तुला न्हाई तर कुणाला सांगावं? तो रंगनाथ तर दारात उभं करत न्हाई."

"मत देताना कळलं न्हाई का हे?"

"मत द्यायलाच तर आलो होतो. त्यानंच फाटक लावलं." बायनाबाईंनी हंडा खाली ठेवला आणि त्याच्याच काठावर टेकल्या. मग मनापासून, अगदी न्यायनिवाडा करावा तशा म्हणाल्या, "मी म्हणते, तुझ्या टायमाला पाणी यायचं तर लाईट जायची. ह्याच्या टायमाला लाईट हाय तर पाणी न्हाई. एका बी सरपंचाला दोन्ही का जमत न्हाई?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीनं म्हटलंसुद्धा, खरंच की. सुलाबाईंनी सुपातली ज्वारी जोरात पाखडली, फोलपटं सगळ्यांच्या अंगावर उडाली. "जा," त्या म्हणाल्या, "घरी जा सगळ्याजणी. मी बघते काय करता येतं ते. आता जा." बाया उठल्या आणि कुरकुरत गेल्या.

सुकेशनी गेली नाही. ती हंडा कमरेवर घेऊन तशीच उभी होती, कपाळाला आठी घालून.

"काकू, एक विचारू?"

"नको विचारू."

"सभेच्या दिवशी लाईट गेली तवाच पाणी आलं होतं ना?"

सुलाबाई ज्वारीतले खडे वेचत राहिल्या.

"दर पाळीला तसंच व्हायचं," सुकेशनी हळूच म्हणाली. मग तिनं हंडा खाली ठेवला आणि तीही खाली बसली. म्हणाली, "सांगायचं तरी, काकू. आमाला कळलं असतं तर सगळ्या आलो असतो त्या दिवशी. पाणी टाकून आलो असतो."

सुलाबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. इतके दिवस साठवलेलं सगळं आता बोलून टाकावं असं त्यांना वाटलं होतं, या पोरीला तरी. पण ती एवढ्या खरेपणानं बोलली होती की तिला खोटं पाडणं बरं वाटेना, आणि तिचं म्हणणं खरं मानून घेणंही जमेना.

"न्हाई आला असता," त्या म्हणाल्या. "नळाला धार चालू असताना कोण येतंय गं? मी बी आले नसते."